इमानाच्या पट्टीवर

पारनेरहून निघताना सकाळचे साडेसात वाजले होते. गाडी अजून अंगणातच होती, पण अप्पांच्या जीपीएसच्या मते आम्ही समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर होतो आणि आमचा वेग शून्य होता. विमानाचा वेग हवेत शून्य झाला तर काय होतं, हे अप्पांनी मला सहावीत असताना समजावून दिलं होतं. मी घाईघाईने गाडी सुरू केली.

अप्पा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर त्यांनी लोकांना छोटी विमानं चालवायला शिकवलं. आता पंचाहत्तरीचे आहेत, पारनेरला राहतात, आणि गेल्या दोन वर्षांत त्यांची नजर मधोमध विझत चालली आहे. समोर पाहिलं की माणसाच्या चेहऱ्याच्या जागी धूसर ठिपका दिसतो. कडेकडेचं तेवढं दिसतं. ही कडसुद्धा फार दिवस टिकेल असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी घरी आल्यावर अप्पांनी मला माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. तिच्यातून दोन वस्तू निघाल्या. एक हा विमानातला जीपीएस, हातात मावणारा, आणि दुसरी घायपाताच्या दोरांची जोडी.

"शैला, हे दोर परत करायचेत," ते म्हणाले. "ज्याचे आहेत त्याचं तोंड मला दिसतंय तोवर."

या दोरांची गोष्ट आमच्या घरात अठरा वर्षं सांगितली जाते. मार्च महिना होता. अप्पा एकटेच एक दोन आसनांचं विमान घेऊन चालले होते आणि मिरजगावच्या पुढे कुठेतरी इंजिन खोकलं आणि बंद पडलं. खाली ज्वारी काढून मोकळी झालेली रानं होती. त्यांतलं एक लांबट रान हेरून त्यांनी विमान उतरवलं. दुपारी वारा सुटला. छोटं विमान वाऱ्याने उलटतं, म्हणून पंखाखालच्या कड्यांत दोर ओवून ते जमिनीला बांधावं लागतं, आणि अप्पांजवळ दोरच नव्हते. तेव्हा रानाच्या मालकाने आपल्या बैलांची दावी (गुरं बांधायचे दोर) सोडून आणली, खुंट्या ठोकल्या आणि विमान बांधलं. त्यांचं नाव रंगनाथ. त्यांच्या बायकोने भाकरी आणि ठेचा आणून दिला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, इंजिन सुरू झालं आणि उडायच्या गडबडीत दोन्ही दावी विमानातच राहिली.

अप्पांना नाव तेवढं आठवत होतं. आडनाव नाही, गाव नाही. पण त्यांनी जीपीएसचं बटण दाबून जागा नोंदवून ठेवली होती. हवाई नकाशावरच्या खुणांना पाच अक्षरांची नावं असतात, रेडिओवर चटकन बोलता यावीत म्हणून. अप्पांनी रोमन अक्षरांत 'भाकर' असं नाव दिलं आणि एक ए गाळून ते पाचांत बसवलं.

फाटकाशी शेजारच्या लताकाकू उभ्या होत्या. "जय भीम, कॅप्टन. आज कुठलं विमान?"

"चार चाकांचं," अप्पा म्हणाले. "पायलट नवशिकी आहे."

नवशिकी म्हणजे मी. पुण्याच्या एका शाळेत सव्वीस वर्षं मराठी शिकवते आणि गाडी त्याहून जास्त वर्षं चालवते, पण अप्पांच्या शेजारी बसलं की माणूस नवशिकाच असतो.

या जीपीएसची बॅटरी कधीच गेली आहे, त्यामुळे तो गाडीच्या सॉकेटला वायरने बांधलेला असतो. त्याच्या पडद्यावर नकाशा सरकत राहतो आणि मधोमध एक इवलंसं विमान असतं. ते विमान म्हणजे आपण. अप्पांनी आदल्या दिवशी मला शिकवलं होतं: 'थेट' असं एक बटण आहे, ते दाबून ठिकाणाचं नाव निवडायचं, की आपल्यापासून तिथपर्यंत एक सरळ गुलाबी रेघ ओढली जाते. मी 'भाकर' निवडलं. अंतर आलं छत्तीस. छत्तीस किलोमीटर म्हणजे तासाभराचं काम, असं धरून मी पाण्याची एकच बाटली घेतली होती आणि दुपारी जेवायला परत यायचा बेत केला होता.

"मैल आहेत ते," सुपा ओलांडल्यावर अप्पा म्हणाले. "त्यातही सागरी मैल. एकाचे जवळजवळ दोन किलोमीटर होतात. आणि ही रेघ हवेतली आहे. रस्त्याने शंभराच्या आसपास धर."

"काल का नाही सांगितलंत?"

"विद्यार्थ्याने विचारायचं असतं."

नगरकडे जाताना ती रेघ आम्हाला सोडून उजवीकडे दूर दूर जाऊ लागली. आम्ही रस्त्याने चाललो होतो, रेघ मात्र डोंगर, ओढे, कारखान्याची धुराडी काही न बघता जायची तिकडे जात होती. पडद्यावर गावं जवळजवळ नव्हतीच. नद्या होत्या, धरणं होती, उंच मनोरे होते. अप्पा डोळे मिटून बसले होते आणि मधूनमधून विचारत होते, "दिशा?" मी आकडा वाचायचे. "वेग?" मी वाचायचे. "उजवीकडे पाणी दिसतंय?" मी नकाशात निळं शोधायचे. त्यांच्या डोक्यात तो नकाशा माझ्याआधी सरकत होता. मी फक्त खात्री करून देत होते.

मागे एकदा भंडारदऱ्याला जाताना त्यांनी हाच जीपीएस सोबत घेतला होता. घाटात शिरलो तसा अख्खा पडदा लाल झाला आणि आतून एक बाई पुन्हा पुन्हा ओरडू लागली की समोर जमीन आहे, वर चला. तिला वाटलं विमान डोंगराला धडकणार. आई मागच्या सीटवर होती, तिने तिसऱ्यांदा ते ऐकून विचारलं, "हिला कुणी सांगेल का, की आपण जमिनीवरच आहोत म्हणून?" तो आईसोबतचा शेवटचा प्रवास होता. नगरच्या बाहेर सोलापूर रस्त्याला लागल्यावर अप्पांनी ती गोष्ट स्वतःच काढली.

रुईछत्तिशीला मी मनातलं विचारलं. "अठरा वर्षं का गेला नाहीत, अप्पा?"

"मला वाटायचं, हवेतूनच जाईन," ते म्हणाले. "त्याच रानात उतरेन, दोर त्याच्या हातात देईन. वीस मिनिटांचा रस्ता. यंदा नाही तर पुढल्या वर्षी. मग डॉक्टरांनी विमान बंद केलं. मग गाडीने कुठे जायचं, असं वाटायला लागलं."

मिरजगावला चहाला थांबलो. अप्पांना रस्ता विचारणं कमीपणाचं वाटतं, जीपीएस असताना तर फारच. त्यांना गाडीत कपबशी देऊन मी गुपचूप टपरीवर गेले आणि मोबाईलवर काढलेला पडद्याचा फोटो चहावाल्याला दाखवला.

"ह्यात गावंच न्हाईत की ताई," तो म्हणाला.

"जुना नकाशा आहे."

"लई जुना दिसतोय." मग त्याने बोटाने नदी ओळखली. "ही सीना. हां, ह्या सडकंनं सरळ जावा. कॅनॉलच्या अलीकडं डाव्या हाताला वळा. म्होरं इमानाच्या पट्टीपतोर गेलात म्हंजी चुकलात. तितनं माघारी फिरा."

"इमानाची पट्टी?"

"रान हाय एक. समदे तसंच म्हनत्यात."

पट्टी म्हणजे शेताचा लांबट तुकडा, हे मला ठाऊक होतं. पण इमानाची पट्टी! मी हरखलेच. इमान हा फारशीतून आलेला शब्द. बेइमान, इमानेइतबारे, सगळे त्याच घरातले. दोन भावांनी बांधावर उभं राहून शपथ घेतली असेल, वाटणी इमानाने पाळली असेल. सोमवारी वर्गात सांगायला सुरेख गोष्ट झाली. गाडीत बसल्या बसल्या मी अप्पांना सांगू लागले, तर ते म्हणाले, "ते नंतर. दिशा सांग."

कॅनॉलच्या अलीकडे वळलो. डांबर संपलं, मग खडी संपली, मग नुसती गाडीवाट. पडद्यावरचं विमान 'भाकर'च्या जवळ सरकत होतं. एक मैल. अर्धा. अप्पांनी मांडीवरची दावी घट्ट धरली होती. दशांशावर दशांश उतरत शून्य आलं आणि मी गाडी थांबवली.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

समोर खडकाळ माळ होता, पावसाने फाडलेल्या ओघळी होत्या आणि सगळीकडे बाभळी. इथे विमान सोडा, सायकल चालवता आली नसती. मी खोटं बोलणार होते, पण ते उतरले आणि बुटाने जमीन चाचपली. दगड लागला. दोन पावलांवर ओघळ लागली. मी त्यांचा दंड धरला.

"ही ती जागा नाही," ते म्हणाले.

आम्ही गाडीच्या सावलीला उभे राहिलो. पडद्यावर ते विमान आता गोंधळून गोल गोल फिरत होतं; या जीपीएसला आपण हलत असलो तरच दिशा कळते, थांबलं की कळत नाही. अप्पाही तसेच उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना. एवढ्या वर्षांत मी त्यांना एकदाही वाट चुकलेलं पाहिलं नव्हतं.

मग ते म्हणाले, "शैला, मी बटण जमिनीवर दाबलंच नाही. चाकं उचलली तेव्हा दोन्ही हात कामात होते. वर गेलो, इंजिन नीट चाललंय बघितलं, मग आठवण झाली आणि दाबलं. तोवर विमान कुठल्या कुठे आलं होतं. मी इथे, ह्या माळाच्या वर होतो." त्यांनी मान वर केली. "वारा पश्चिमेचा होता, म्हणजे पश्चिमेला तोंड करून उडालो. रान इथून पूर्वेला. दोन मिनिटं झाली असतील. अडीच मैल."

"पूर्वेला अडीच मैलांत पन्नास रानं असतील, अप्पा. आणि फार पुढे गेलो तर चुकलो, असं तो चहावाला म्हणाला होता. पुढे इमानाची पट्टी लागते."

अप्पांनी तोंड एका बाजूला वळवलं. हल्ली त्यांना माझ्याकडे बघायचं असलं की ते असे दुसरीकडे बघतात, म्हणजे मी त्यांच्या कडेला येते. "काय लागते?"

मी सांगितलं. चहावाल्याकडे चोरून गेले होते तेही सांगितलं. फारशी सांगितली, दोन भाऊ सांगितले, शपथ सांगितली. त्यांनी मला सगळं बोलू दिलं. मग हसायला लागले, इतके की त्यांना गाडीच्या बॉनेटचा आधार घ्यावा लागला.

"मास्तरीणबाई, मी शाळेत पहिल्यांदा गेलो तेव्हा आभाळातल्या विमानाला काय म्हणायचो?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. 'इमान आलं, इमान आलं' म्हणत ते वर्गातून बाहेर धावले होते आणि मास्तरांनी कान धरून 'विमान, विमान' असं दहादा म्हणवून घेतलं होतं. ही गोष्टसुद्धा आमच्या घरातलीच. सव्वीस वर्षं मराठी शिकवून मला ती आठवली नाही.

मागे फिरून पुन्हा सडकेला लागलो आणि कॅनॉल ओलांडून पुढे गेलो. अप्पा आता जीपीएसला काही विचारत नव्हते. पहिल्याच माणसाला मी काच खाली करून विचारलं आणि त्याने बसल्या जागेवरून हात केला.

पट्टी पूर्वपश्चिम होती, लांब आणि सपाट. तिच्यात पुरुषभर ज्वारी उभी होती, कणसं भरलेली. आजूबाजूच्या बांधांवर लिंब होते, बाभळी होत्या, पण या पट्टीच्या दोन्ही टोकांचे बांध मात्र साफ उघडे होते. पलीकडे वस्ती (शेतातलं घर) होती. अंगणात एक म्हाताऱ्या बाई तुरी बडवत होत्या. त्या गयाबाई.

अप्पा गाडीतून उतरले. "रंगनाथ हायेत का घरी?" त्यांनी विचारलं. त्यांच्या तोंडून 'हायेत' मी किती तरी वर्षांनी ऐकलं.

बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. त्यांचं लक्ष अप्पांच्या हातातल्या दोरांकडे गेलं. काठी खाली ठेवून त्या जवळ आल्या, एका दोराचं टोक हातात घेतलं आणि अंगठ्याने चाचपलं.

"हे कुटं घावलं तुमास्नी?" त्या म्हणाल्या. "ह्यो उलटा पीळ हाय. आमच्या मालकांचा. डाव्या हातानं वळायचे, डावरे हुते ते."

'हुते' हा शब्द मी ऐकला, अप्पांनीही ऐकला. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला आणि तिथेच राहिला.

"इमानवालं सायेब व्हय तुमी?" बाईंनी विचारलं.

"व्हय."

"त्यान्ला जाऊन चार वर्सं झाली. बसा. पानी देते."

बाजेवर बसून अप्पा तांब्याभर पाणी प्यायले. "लई उशीर केला मी," ते म्हणाले.

"व्हय, केला," बाई म्हणाल्या. "पर आलात न्हवं." मग त्या स्वतःशीच हसल्या. "मी त्या दिशी म्हनलं हुतं, इमान काय गाय हाय का, बांधून ठिवायला? सुटून कुटं जातंय? तर म्हनले, पाव्हनं हाय. आपल्या रानात वाऱ्यानं पडलं तर काय तोंड दावू? बैल तसंच मोकळं ठिवलं आन आपुन त्यांच्यापाशी बसले."

मला मघापासून एक विचारायचं होतं. "तुमच्या पट्टीच्या बांधावर झाड कसं नाही, मावशी?"

"लावू देत न्हवते. थोरल्यानं एकदा लिंब लावला, तर मुळासगट काढून तिकडं हिरीवर नेला. म्हनायचे, इमान परत यील, त्याचा पंख अडकंल." त्यांनी अप्पांकडे वळून विचारलं, "आज कशानं आलात, सायेब?"

"गाडीनं."

"बरं केलं. औंदा ज्वारी हाय रानात. बसायला जागा न्हवती त्याला."

अप्पा रडले. आई गेली तेव्हा रडले होते, त्यानंतर आत्ताच. मीही रडले, लपवायचं कारण नाही. दोन माणसं वर्षानुवर्षं एकाच विमानाची वाट बघत होती, एक पारनेरला आणि एक इथे. गयाबाईंनी आम्हाला रडू दिलं आणि चुलीकडे गेल्या.

मग त्यांनी भिंतीवरची रंगनाथांची तसबीर काढून आणली. अप्पांनी ती दोन्ही हातांत धरली, मान उजवीकडे वळवली, डावीकडे वळवली, थोडी वर केली.

"दिसले?" बाईंनी विचारलं.

"मिशी दिसली," अप्पा म्हणाले.

"मंग समदं दिसलं. दुसरं हुतंच काय त्यांच्या तोंडावर?"

दुपारी आगटीत (हुरडा भाजायच्या खड्ड्यात) कणसं भाजून बाईंनी हुरडा चोळून दिला. त्याच पट्टीतला. सोबत शेंगदाण्याची चटणी, भाकरी आणि ठेचा. ठेच्याने माझ्या नाकातोंडातून पाणी आलं. अप्पांनी पहिला घास तोंडात ठेवून बराच वेळ चावला आणि म्हणाले, "हाच." मी पाण्याची एकच बाटली आणल्याचं त्यांनी गयाबाईंनाही सांगितलं.

निघताना अप्पांनी दोन्ही दावी त्यांच्या हातात दिली. बाईंनी एक ठेवून घेतलं, दुसरं परत केलं.

"दोन्ही तुमचीच आहेत," मी म्हटलं.

"दोन घेऊन काय करू? बैल गेलं, ट्रॅक्टर आलाय. आता घरात समदं नायलॉनचं. त्यांच्या हातचा पीळ न्हाई कशाला." त्यांनी दोर छातीशी धरला होता. "एक मला पायजे. एक तुमाला असू द्या. तुमी बी हातानंच बगताय आता."

गाडी उघड्या बांधाला लावून मी जीपीएस सुरू केला. अप्पा म्हणाले, "बटण दाबून धर. नीट थांबून दाब. मी उडता उडता दाबलं, म्हणून चुकलो." मी दाबलं. पडद्यावर नवी खूण उमटली आणि नाव मागू लागली.

"तेच ठेवू? भाकर?"

"ते त्या माळालाच राहू दे." त्यांनी क्षणभर बोटांवर मोजलं. "लिही. आय, एम, ए, ए, एन. नीट पाच होतात. काही गाळावं लागत नाही."

परतीला अप्पा झोपले. नगरला उतरतं ऊन होतं, सुप्याला दिवे लागत होते, आणि पारनेरच्या अंगणात गाडी शिरली तेव्हा अजून थोडा उजेड शिल्लक होता. या सबंध प्रवासात आमचा नकाशा एकदाच चुकला, आणि तो चुकला नसता तर आम्ही कदाचित थेट पट्टीवर पोहोचलो असतो. पण तिच्या नावावरून अप्पांना तसं हसताना मी पाहिलं नसतं. फारशीचा माझा धडाही तसा अगदीच चुकला नव्हता. सोमवारी वर्गात मी दोन्ही अर्थ सांगणार आहे.

मी वायर काढायला हात पुढे केला, तर अप्पा जागे झाले. "थांब. इथून थेट दाब."

मी नवं नाव निवडलं. अंगणातून निघालेली गुलाबी रेघ सरळ जाऊन पोहोचली.

"किती दाखवतंय?"

"अडतीस. मैल," मी म्हणाले.

ते मांडीवरच्या दाव्याच्या पिळावरून अंगठा फिरवत राहिले.

"वीस-बावीस मिनिटं," ते म्हणाले. "फार लांब नव्हतं गं."

"बंद करू का, अप्पा?"

"राहू दे जरा," ते म्हणाले, आणि ती रेघ कडेला यावी म्हणून त्यांनी मान दुसरीकडे वळवली.